एका दिवसाचे भाडेकरू

नोकरीतल्या बहुतेक केसेस माझ्या डोक्यातून गेल्या. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरची भांडणं, पळून गेलेल्या पोरी, सगळं एकात एक मिसळून गेलं. एक केस मात्र वेगळी राहिली. ती सांगायला बसले की मला अजूनही पहिल्या दिवसाइतकंच नवल वाटतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. पोलिसात बाई दिसली की लोक रस्त्यात थांबून बघत. मी सातवी पास, शिपाई म्हणून लागले आणि जमादार होऊन घरी आले. तेव्हा ठाण्यात माझ्याकडे कामं दोनच. बायकांची झडती घ्यायची आणि बायकांच्या जबाबाला हजर राहायचं. रडणाऱ्या बाईची समजूत काढायलाही मला पाठवत, पण ते मला कधी जमलं नाही. मी गप्प बसत असे. समोरचं कोणी काही बोललं नाही की बाई रडू आवरते आणि कामाचं बोलायला लागते, एवढं मी शिकले.

त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. पांढऱ्या लुगड्यातली चाळिशीची एक बाई आत आली आणि न विचारता बाकावर बसली. ती रडत नव्हती. ठाणे अंमलदाराने मान वर न करता विचारलं, "काय हाय बाई?"

"माहे भाडेकरू चोरीले गेले."

सगळं ठाणं हसलं. एक शिपाई म्हणाला, "भाडेकरू काय बकऱ्या हायेत का वं, चोरीले जायले?"

"बकऱ्या असत्या तं वाटेनं लेंड्या तरी दिसल्या असत्या भाऊ. या लोकायचं तं कायीच दिसून नाही राह्यलं."

मग कोणी हसलं नाही. मला तिच्याजवळ बसवलं आणि फिर्याद काय ती ऐकायला सांगितलं.

बाई किन्हीराजाची. बौद्ध घरातली. नवरा रेल्वेत गँगमन होता, रुळावर काम करताना ट्रॉलीखाली गेला. रेल्वेकडून जे काही मिळालं त्यावर दिराचा डोळा होता. तो म्हणत होता, वावर घेऊ, दोघांच्या नावानं. ही म्हणाली, वावर तुझ्या नावानं राहील आणि राबणं माझ्या नावानं. तिला दोन मुली होत्या. त्यांना वाशीमच्या शाळेत घालायचं तिच्या मनात पक्कं होतं. म्हणून तिने ठरवलं की शहरात भाड्याने द्यायला खोल्या विकत घ्यायच्या आणि येणाऱ्या भाड्यावर तिघींनी जगायचं. दिराने बजावलं होतं, पैसा बुडाला तर या घराचं दार बंद. ती म्हणाली, ठीक.

इतकं ठरवल्यावर ती आंधळेपणाने बाजारात गेली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण फसलेल्या माणसाला लोक आधी मूर्ख म्हणतात. ती कोर्टाबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यांना भेटली, किराणा दुकानदारांना भेटली, दवाखान्याच्या कंपाउंडरला भेटली. घरांचे दलाल वाशिमात बरेच होते, पण ती विचारत होती की राहायला नव्हे, भाड्यासाठी घर घेणाऱ्यांची कामं कोण करतो. जमिनीवर मर्यादा घालणारा सीलिंगचा कायदा आल्यापासून मोठे शेतकरी जमिनी मोडून शहरात घरं घेत होते, डॉक्टर-वकील घेत होते, म्हणजे असा माणूस असणारच. सगळ्यांनी एकाच दलालाचं नाव सांगितलं. आणि ते खोटं नव्हतं. त्या कामात त्याच्याइतका मुरलेला माणूस गावात दुसरा नव्हता.

दलालाने तिला पाच खोल्यांची एक चाळ दाखवली. मालक गाव सोडून खांडव्याकडे गेलेला व्यापारी, मुखत्यारपत्र दलालाकडे. पाचही खोल्यांत बिऱ्हाडं. एक बंद खोली सोडली तर बाईने प्रत्येक खोलीत जाऊन बघितलं, बायांशी बोलली, चुलीवर काय शिजतंय तेही विचारलं. खरेदीखत झालं. पुढच्या महिन्यात भाडं घ्यायला गेली, तर पाचही दारांना नुसत्या कड्या. आत काही नाही. पलीकडच्या टपरीवाल्याने सांगितलं, इथं कित्येक वर्षांत कोणी राहिलेलं नाही. चाळ मसणवटीच्या रस्त्यावर होती. प्रत्येक प्रेत दारावरून जायचं.

आमच्या फौजदार साहेबांनी ऐकून घेतलं. ते साताऱ्याकडचे, शिस्तीचे, पण ऐकून घेणारे. म्हणाले, "बाई, भाडेकरू सोडून गेले तर तो दिवाणी मामला. ते खरेच नव्हते हे दाखवलं तर गुन्हा. टपरीवाला काय, उद्या फिरेल. दुसरं काही आहे?"

"नाही साहेब. घरं लय सोज्वळ वाटले होते. चारी घरं सारवून लख्ख. मले वाटलं, साफसूफ लोक हायेत."

साहेबांनी स्टेशन डायरीत नोंद केली आणि मला व एका शिपायाला घेऊन जागेवर निघाले.

चाळ तशीच पडली होती, कोणी फिरकलेलं नव्हतं. चुलीच्या वरची भिंत बघितली तर नुसती पांढरी. पाच बिऱ्हाडं जिथे रांधतात तिथे भिंत अशी राहत नाही. शिपाई म्हणाला, नवा चुना मारला असेल. असेलही. मग मी खाली बघायला लागले.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या कमानी राहतात. बाई उकिडवी बसते, हात लांबवून अर्धगोल ओढते आणि मागे सरकते. प्रत्येकीची कमान वेगळी. कोणाची रुंद, कोणाची आखूड, कोणाची बोटं फाकलेली, कोणाची जुळलेली. घरात दोन जावा असल्या तर ओसरी कोणी सारवली ते सासू न विचारता सांगते. इथे पाचही खोल्यांत एकच हात होता. त्याहून वेगळं म्हणजे कमानी उलट्या होत्या, डावीकडून ओढलेल्या. आमच्याकडे डाव्या हाताने कोणी सारवत नाही. पोरीने लहानपणी शेणात डावा हात घातला की आई पाठीत घालते.

मी साहेबांना दाखवलं. ते खाली बसले, आपला हात जमिनीवरून फिरवून बघितला आणि म्हणाले, "बरोबर. माझ्या आईच्या कमानी मला अजून दिसतात. ही एकाच बाईची पाच घरं आहेत." जागेचा पंचनामा झाला. पंच म्हणून आणलेल्या दोघांनी तर आपणहून हात फिरवून खात्री केली.

आता डावखुरी बाई शोधायची. गवळीवाड्यात शेण विकायला बायका बसत, तिथे मी जाऊन बसले. पोलीस म्हणून विचारलं असतं तर कोणी सांगितलं नसतं. मी म्हणाले, माझ्या भाचीचं लग्न आहे, मांडव सारवायचा आहे, स्वस्तात कोण करेल? तिघींनी तीन नावं सांगितली. चौथी म्हणाली, "ते डावखुरी हाय ना, पन लग्नाले नको सांगू बापा, डाव्या हातानं सारवते. रिकाम्या घरायले चालते."

ती डावखुरी बाई भेटली. उजवं मनगट लहानपणी मोडून वाकडं बसलं होतं, त्याला जोर नव्हता. तिने काही लपवलं नाही. दलालाने बोलावलं, पाच खोल्या सारवायला सांगितल्या, तिने सारवल्या.

"कायच्यासाठी ते नाही विचारलं?"

"इचारलं ना. म्हने, पाव्हने येनार हायेत. मंग मी इचारलं, जेवाले राह्यतीन का? म्हने, नाही, पाहून जातीन. तवा मी म्हटलं, असे कसे पाव्हने बाई!"

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन कोण आलं तेही तिने बघितलं होतं. सरकीच्या गोदामात पोती उचलणारी माणसं, हंगाम संपला म्हणून बसून होती. त्यांतली एक बाई मी ठाण्यात आणली. पंचविशीची, तोंडाने तिखट. फिर्यादी बाईला आत बोलावलं तर तिने बघताक्षणी सांगितलं, "हे ते चाळीतल्या कंपाउंडरची बायको. इच्या घरी वांगे शिजून राह्यले होते."

मी जबाबाला बसले. "नवरा काय करतो तुझा?"

तिने मला विचारलं, "खरा का त्या दिवसाचा?"

साहेबांनी तोंड फिरवलं. जबाब लिहिणारा जमादार टाक खाली ठेवून खोकायला लागला. मी म्हणाले, "दोघांचंही सांग."

"खरा पोते उचलते. त्या दिवसाचा कंपाउंडर होता. तो तं माहा चुलतदीर व्हय. मले सांगतलं होतं, त्याच्याकडे पाहून लाजजो. मले हसू येऊन राह्यलं होतं बाई, म्हनून मी चुलीत तोंड घातलं. हे बाई म्हने, किती गुनाची सून हाय."

फिर्यादी बाई बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "वांगे तरी खरे होते का वं?"

"वांगे खरे होते. आमी सगळ्याइनं खाल्ले."

तिच्या जबाबावर दलालाला आणलं. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात छत्री. साहेबांनी सकाळपासून त्याला बाकावर बसवून ठेवलं. कोणी प्रश्न विचारला नाही, कोणी आवाज चढवला नाही. चहा दिला. बोलक्या माणसाला मारून काही मिळत नाही, हे साहेबांना माहीत होतं. बोलक्याला ऐकणारा मिळाला नाही की तोच त्रासतो. दुपारनंतर साहेब सहज म्हणाले, "एक विचारतो. त्या खोल्यांतल्या एका भाडेकरणीने या बाईंपाशी तक्रार केली, पत्रा गळतो म्हणून. खोटाच भाडेकरू, तर त्याला तक्रार कशाला करायला लावली? गिऱ्हाईक बिचकलं असतं."

दलाल हसला. तिथेच तो उघडा पडला.

"साहेब, तक्रार नसली तं गिऱ्हाईकाले खरं वाटत नाही. सुखी भाडेकरू कुठं पायला तुमी? एकीचा पत्रा गळला पाह्यजे, एकीचं लेकरू तापानं फणफणलं पाह्यजे. दोघीचं पान्यावरून वाजलं पाह्यजे. आन एक खोली बंद पाह्यजे, माणूस ड्युटीवर गेला म्हनून. पाचई घरी सगळे हजर असले तं ते घर नाई, मंग ते नाटक."

"बंद खोलीत काय होतं?"

"आत त्याचा बाप म्हनून एक बुढा खोकत होता. बाहीरून कडी."

मी भिंतीला टेकून उभी होते. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मी अवाक झाले. मी कित्येक घरांच्या झडत्या घेतल्या होत्या, घर राहतं आहे की नाही हे मी वासाने सांगत असे. आणि हा माणूस सकाळी रिकाम्या खोल्यांत संसार भरतो, दुपारी दाखवतो, संध्याकाळी उचलून नेतो. ताप, भांडण, लाज, खोकला, सगळं मोजून जागच्या जागी. एवढी अक्कल माणसाला मिळते आणि तो तिचं हे करतो. जमादाराने लिहिणं थांबवलं होतं, त्याला साहेबांनी कोपराने ढोसलं.

साहेबांनी विचारलं, "इतकी वर्षं सरळ धंदा केलात. मग हे का?"

"ते चाळ माह्या गळ्यात पडली होती साहेब. कोनी राहत नाही तथी. आन बाई खेड्यातली. मले वाटलं, काय समजते."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला होताच. साहेबांनी बाईला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. खटला चालेल, शिक्षा होईल असं दिसतंय. खरेदीखत रद्द करायला मात्र दिवाणी कोर्टात जावं लागेल. जुना मालक लांब, पैसा त्याच्याकडे. वर्षं जातील.

बाई जमिनीकडे बघत होती. मी समजले, आता रडेल. दिराचं दार बंद, मुलींची शाळा गेली, हातात मसणवटीच्या वाटेवरच्या पाच रिकाम्या खोल्या.

ती म्हणाली, "साहेब, याच्या शिक्षेनं माह्या चुलीत काय पडते?"

"म्हणजे?"

"मले भाडेकरू दाखवले होते. मले भाडेकरू पाह्यजे."

दलाल बाकावरून म्हणाला, "आता तं मी खरं सांगतो बाई, मसनवटीच्या रस्त्यावर कोन राहीन? लोकाइले भेव वाटते."

"आमी भूतखेत मानत नाही. छप्पन साली सोडले."

"तुमी नसान मानत..."

"मंग आमच्यातलेच आन." ती आता त्याच्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "तुह्याकडे खोली मांगाले किती जन येते? नोकरीवाले. तहसीलातले, शाळेतले, रेल्वेतले. तू नाव इचारते, आडनाव इचारते, आन मंग म्हनते, खोली नाही. व्हय का नाही?"

दलालाने टोपी काढून हातात घेतली.

"माह्या बहिनीचा पोरगा तहसीलात लागला. तुह्या दारात तीनदा आला होता. अजून सायकलनं गावाहून येनं-जानं करून राह्यला. तसे किती हायेत ते कोनाले मालूम? तुलेच मालूम. कारन सगळे तूच परत धाडले."

दलाल हळू म्हणाला, "मी नाही धाडत बाई. मालक नाही म्हनते."

"आता मालकीन मी हाय."

साहेब हातातला चहाचा कप तसाच धरून बसले होते. आम्ही इतके दिवस गुन्हा शोधत होतो, फार तर गुन्हेगार. भाडेकरू कुठे आहेत, हा प्रश्न आमच्या डोक्यात आलाच नव्हता. ते सगळे गावातच होते, रोज ठाण्यासमोरून सायकलवर जात होते.

साहेबांनी स्पष्ट सांगितलं, ठाण्यात तडजोड होत नाही. गुन्हा गुन्हाच राहील. मिटवायचं असेल तर कोर्टासमोर, कोर्टाच्या परवानगीने. बाई म्हणाली, चालेल, तारीख येईपर्यंत हा काय करतो ते पाहते, मग कोर्टाला सांगते. दलालाने हात जोडले. तिने ते बघितलेही नाहीत. म्हणाली, "हात सोड, कामाले लाग."

तो लागला. हे मी स्वतः बघितलं, कारण साहेबांनी मला अधूनमधून तिकडे चक्कर मारायला सांगितलं होतं. पहिल्यांदा बहिणीचा मुलगा आला. मग शाळेतले एक मास्तर, बायको आणि आईला घेऊन. ते दोन वर्षं शाळेच्याच खोलीत झोपत होते. मग सरकारी दवाखान्यातली एक नर्स आणि स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंट्समन. पाचव्या खोलीत बाई स्वतः मुलींना घेऊन राहायला आली. मास्तर पहिल्या दिवशी कुलूप उघडून आत गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. बाईने डोकावून विचारलं, काय झालं मास्तर? ते म्हणाले, "काही नाही, दार आतून लावून पाहिलं."

त्यानंतरही दलालाकडे माणसं येत राहिली. त्याने तोंडाने कबूल केलं नाही, पण आपण काय घालवलं ते त्याला कळलंय, हे मी ओळखलं. त्याच्याकडे या लोकांची रांग होती आणि त्याने आयुष्यभर ती दारातून परत पाठवली होती. पैसेवाल्यांना भाड्याच्या घरांतला फायदा समजावून सांगणाऱ्या माणसाला समोर उभा असलेला फायदा दिसला नाही. बाईला दिसला. कोर्टात तारखेला तिने सांगितलं, माझं नुकसान भरून निघालं. कोर्टाने परवानगी दिली. आमच्या रेकॉर्डला केस मिटली.

ठाण्यात काही जण म्हणाले, हरामखोर सुटला. मीही तेव्हा तेच म्हणाले असते, पण बाईचं तोंड बघितलं होतं. शिक्षा झाली असती तर आमचं काम पूर्ण झालं असतं, तिचं झालं नसतं. पोलिसाला हे कोणी शिकवत नाही. फिर्यादी ठाण्यात येतो तेव्हा त्याला काय हवं आहे, ते आम्ही आमच्या कलमांत बसवतो, आणि बसलं नाही ते बाजूला ठेवतो. तेव्हापासून मी जबाब घेताना शेवटी एक प्रश्न विचारायला लागले, तुला नेमकं काय पाहिजे? उत्तर कागदावर लिहायची सोय नसायची. तरी विचारत असे. शंभरातल्या बऱ्याच जणांना ते आधी कोणी विचारलेलं नसायचं.

बाईचं बस्तान बसलं. मुली शिकल्या. काही वर्षांनी मी बाजारात तिला भेटले. तेव्हा केनवडचा एक जमीनवाला तिच्याशी बोलत उभा होता, त्याला वाशिमात भाड्यासाठी घर घ्यायचं होतं आणि या कामातला जाणता दलाल कोण, हे तो विचारत होता. तिने त्याच माणसाचं नाव सांगितलं.

तो गेल्यावर मी म्हणाले, "काहून वं, त्यानं तुले बुडवलं होतं ना?"

"बुडवलं होतं," ती म्हणाली. "पन त्याच्यासारखं काम कोनाले येते? मी त्याले एवढंच सांगतलं, दलाल तोच घे. घर पाहाले मात्र दलालाले न सांगता जा."

पिशवीत भाजी भरत तिने मला विचारलं, "तुमी रिटायर झाल्यावर कुठं राह्यसान? पोलीस लाइन तं सोडा लागन."

मी म्हणाले, बघू.

"बघू नका. खोली खाली झाली का मी सांगीन. पन भाडं पहिले देजा, पोलीस असले म्हनून काय झालं."